ओएसटी केंद्र: गोळीला पैकीच्या पैकी, वेळेला शून्य
सुईने गर्द घेणाऱ्या आणि ते सोडू पाहणाऱ्यांना नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) ओएसटी केंद्रं, म्हणजे गर्दऐवजी पर्यायी औषध देणारी केंद्रं, बुप्रेनॉर्फिन ही गोळी फुकट देतात, आणि औषध खरंच लागू पडतं. गोळी कुटून जिभेखाली ठेवायची, नर्ससमोर विरघळेपर्यंत बसायचं. गिळली की वाया. पहिला डोस टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सुरू झाल्यावरच, शेवटच्या नशेनंतर साधारण 8 ते 12 तासांनी. घाई केली तर टर्की उलट भडकते, माणूस पुन्हा फिरकत नाही.

खोट वेगळीच आहे. डोससाठी, निदान सुरुवातीला, रोज यायचं, अन् नाक्यावरची मजुरी सकाळीच ठरते. फुटपाथवर झोपणारा काय निवडणार? शहरात लाख लोकसंख्येमागे किमान 100 बेघरांचा निवारा, हा केंद्र सरकारनंच घालून दिलेला नियम. तो ओएसटीच्या शेजारी बांधायला महापालिकांना कोणी अडवलंय?