सहाचाकीत अकरा महिने डीईएफ: माझा अनुभव

तुर्भ्याला माझ्या दोन गाड्या उभ्या असतात. जुनी बीएस-४ आणि अकरा महिन्यांपूर्वी घेतलेली बीएस-६ सहाचाकी (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष). नवीला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी आहे. तिच्यात डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, पाण्यात विरघळवलेला शुद्ध युरिया भरतात. सगळे तिला युरियाची टाकी म्हणतात, पण हा युरिया डिझेलमध्ये मिसळत नाही. तो सायलेन्सरच्या वाटेवर फवारला जातो, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या थरावर, धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन नि पाणी होतं. मोठ्या इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ०.४० झाली. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काळा धूर नसला की गाडी स्वच्छ असं आपण धरून चालायचो.

खर्चाची भीती सुरुवातीला मलाही होती. वाशी मार्केट ते पुणे आणि अधूनमधून न्हावा शेवा, मिळून महिन्याला साडेचार हजार किलोमीटर होतात. डिझेल नऊशे लिटर, डीईएफ जेमतेम दोन बादल्या. शंभर लिटर डिझेलमागे सव्वाचार लिटर. डिझेलचं बिल बघितल्यावर हा खर्च अंगावर येत नाही.

अंगावर आला तो चौथ्या महिन्यात. रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन, ‘शेठ, घाटात गाडी ओढतच नाही.’ डॅशबोर्डवर दिवा लागलेला, पॉवर पडलेली, मागे कांद्याचा माल. सकाळी मिस्त्रीने डोसिंग इंजेक्टर, म्हणजे युरिया फवारणारा भाग, खोलला तर तोंडाशी पांढरा खडा बसलेला, खडीसाखरेसारखा. गरम पाण्यात टाकल्यावर बराचसा विरघळला, तळाशी करकरीत चुना उरला. आदल्या आठवड्यात ड्रायव्हरने रस्त्यावरच्या दुकानातून सील ढिलं असलेली बादली घेतली होती. उरलेल्यातला थेंब मिस्त्रीने रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे युरियाचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्रावर, टाकला, आकडा आला २७ टक्के. हवा साडेबत्तीस, फार तर ०.७ टक्का इकडेतिकडे. कोणीतरी नळाचं पाणी घातलं होतं. दोन दिवस गाडी उभी राहिली, नऊ हजार गेले.

तेव्हापासून मी स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर ठेवतो. पण तो फक्त युरियाचं प्रमाण सांगतो, शुद्धता नाही. शेतीचा निमकोटेड युरिया कोणी पाण्यात विरघळवून आणला तरी आकडा बरोबर दिसेल, आणि त्यातलं तेल नि धातू कॅटॅलिस्टवर जाऊन बसतील. म्हणून आयएसओ २२२४१ (डीईएफच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेली, बॅच नंबर असलेली, सीलबंद बादलीच घेतो.

मुंबईत डीईएफ गोठण्याची चिंता नाही, ते उणे ११ अंशांना होतं. इथे खरा त्रास उन्हाचा. २५ अंशांखाली ठेवलं तर दीड वर्ष टिकणारा माल ३५ अंशांना सहा महिन्यांवर येतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमधली बादली उघडली तर अमोनियाचा भपकारा आला. आता बादल्या ऑफिसच्या जिन्याखाली ठेवतो.

दुसरा त्रास पोर्टच्या रांगेचा. तासन् तास सरकत-थांबत गाडी चालली की सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि फवारलेल्या युरियाचे खडे धरतात. रांगेत इंजिन बंद ठेवायला सांगितलं आणि पुण्याची फेरी आठवड्यातून एकदा तरी याच गाडीला द्यायला लागलो. तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

घाटातल्या त्या रात्रीनंतर एकाने सेन्सरला फसवणारा डबा बसवायचं सुचवलं होतं. युरिया टाकायलाच नको, गाडी गुपचूप धावते म्हणे. मी स्पष्ट नाही म्हटलं. आमचं गॅरेज जिथे आहे त्याच्या मागेच चाळ आहे, पहाटे चारला गाड्या निघतात तेव्हा लोक खिडक्या उघड्या ठेवून झोपलेले असतात.

फनेल मात्र वेगळं ठेवा, त्यावर निळा पट्टा रंगवा. डिझेलचं फनेल चुकूनही युरियाच्या टाकीत नको. आणि उलटं होऊन युरिया डिझेलच्या टाकीत गेला, तर चावी फिरवू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.