स्टार एअर : तिकीट काढण्यापूर्वी विमान कोणतं ते बघा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या संजय घोडावत समूहाची ही विमान कंपनी २५ जानेवारी २०१९ रोजी बंगळूर-हुबळी मार्गावर सुरू झाली. पहिली काही वर्षं सगळी भिस्त ५० आसनी एम्ब्राएर १४५ जेटवर होती. २०२३ मध्ये ७६ आसनी एम्ब्राएर १७५ आली. छोट्या शहरांच्या मार्गाला १८० आसनी विमान लावलं तर अर्धं रिकामं जातं. ५० आसनी भरतं. ही निवड आम्हाला तरी शहाणपणाची वाटते.

बुकिंग करताना विमानाचा प्रकार दिसतो, तो वाचाच. १४५ मध्ये एका ओळीत डावीकडे एक आणि उजवीकडे दोन आसनं असतात. डावीकडचं ए आसन खिडकीचंही आणि वाटेच्या कडेचंही. एकट्यानं जाणाऱ्यानं तेच घ्यावं. मात्र डोक्यावरचे सामानाचे कप्पे फक्त दोन आसनांच्या बाजूला आहेत आणि ते अरुंद. कडक, चाकांची ट्रॉली बऱ्याचदा बसत नाही. मग ती विमानापाशी जमा करावी लागते. अशा वेळी पॉवर बँक, औषधं आणि कागदपत्रं आधी काढून घ्या, कारण पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवायला परवानगी नाही. इंजिनं शेपटाकडे असल्यानं मागच्या ओळींत आवाज जास्त. पुढे बसणं बरं. उंच माणसानं आत मान जरा सांभाळावी.

१७५ मध्ये १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी आसनं. इकॉनॉमीत दोन-दोन, म्हणजे मधलं आसनच नाही. लेकरंबाळं आणि सामान असेल तर हेच विमान मिळेल असं बघा.

आता अडचणीची बाजू. ताफा लहान असला की एकच विमान दिवसभर गावोगाव फिरतं. सकाळी एका ठिकाणी अर्धा तास गेला, तर तो संध्याकाळपर्यंत वाढतच जातो. त्यात बऱ्याच छोट्या विमानतळांवर आयएलएस, म्हणजे कमी दिसत असताना विमानाला धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, नसतं, म्हणून उतरायला दृश्यमानता जास्त लागते. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे जातं. विमानतळाची कामाची वेळ संपली तर उशिराचं विमान थेट रद्दच. कोल्हापूरची धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली, पण विमानतळ सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या विरळ हवेत उड्डाणाचं वजन कमी ठेवावं लागतं. शक्य तर सकाळचं पहिलं विमान घ्या. पुढचं आंतरराष्ट्रीय विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर त्याच दिवशीची जोडणी धरूच नका.

नांदेडहून दिल्लीला जाताना तिकिटावर 'हिंडन' लिहिलंय का ते बघा. हे गाझियाबादचं हवाई दलाचं तळ-विमानतळ. पूर्व दिल्ली आणि नोएडाकडे जाणाऱ्यांना सोयीचं. इंदिरा गांधी विमानतळ मात्र तिथून सुमारे ४० किलोमीटरवर. ३१ मार्च २०२४ पासून याच साखळीत पंजाबातलं आदमपूर जोडलं गेलं. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराच्या भाविकांना ते फार उपयोगाचं ठरलं.

भाड्याचं गणित 'उडान'वर, म्हणजे छोटी शहरं विमानानं जोडायच्या केंद्र सरकारच्या योजनेवर आहे. त्या मार्गांवर साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या, बदल्यात सरकार तूट भरून देतं आणि तीन वर्षं मार्गाचा एकहाती हक्क मिळतो. स्वस्त जागा आधी संपतात, शेवटच्या आठवड्यातलं भाडं बघून 'उडान कसलं' म्हणण्यात अर्थ नाही. तीन वर्षांची मदत संपली की मार्ग बंद होण्याची शक्यता खरी आहे. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतं, तेव्हा त्यापलीकडच्या लग्नाचं तिकीट काढलं असेल तर पुन्हा तपासा.

उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल आणि उशीर दोन तासांवर गेला, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमानुसार चहा-नाश्ता किंवा जेवण द्यावंच लागतं. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. किमान २४ तास आधी न कळवता रद्द झालं तर भरपाईही लागू होते. हवामानामुळे झालं तर नाही. म्हणून रद्द होण्याचं कारण काउंटरवर लेखी मागून घ्या.