पेपरोनी, काल्दो आणि फोनमधला दुभाषी

मी टूर मॅनेजर आहे. डोंबिवली, ठाणे, पुण्याकडची मंडळी घेऊन गेली ११ वर्षं युरोपात जातेय. यंदा मे महिन्यात ३४ जणांचा ग्रुप होता. निघायच्या आधी भाषांतराच्या एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले आणि म्युनिकपासून माद्रिदपर्यंत १६ दिवस ते रोज वापरलं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते पाटीवर कॅमेरा धरून अर्थ सांगणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपच्या बाबतीत होऊ शकतं.

आधी चांगलं सांगते. भाषा घरूनच डाउनलोड करून ठेवल्या होत्या, त्यामुळे स्वित्झर्लंडच्या बोगद्यांत रेंज गेली तरी काम अडलं नाही. पूर्ण वाक्य दिलं की उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. फ्लॉरेन्सला एकीला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला जॅम हवा होता. हा शब्द आपण इंग्रजीतला म्हणून तसाच बोलून टाकला तर इटलीत त्याचा अर्थ कंडोम होतो. फ्रान्स, स्पेन, जर्मनीतही तेच. अ‍ॅपने मात्र न चुकता ‘कोन्सेर्वान्ती’ हा शब्द दिला आणि दुकानदाराने लगेच बरणी काढून हातात ठेवली. इतक्या अवघड जागी ते बरोबर ठरलं, म्हणून माझा भरवसा वाढला होता.

आता इंटरलाकेनचं सांगते. दुपारी दोनची वेळ, पुढची गाडी गाठायची होती, म्हणून सगळ्यांनी सुपरमार्केटमधून तयार सँडविच घ्यायचं ठरलं. ग्रुपमध्ये साताऱ्याकडच्या एक माळकरी काकू होत्या. त्यांनी एक तिकोनी पाकीट उचललं. आत ब्राउन ब्रेड, पांढरं चीज आणि लाल पट्ट्या. वर मोठ्या अक्षरात एकच शब्द, ‘पेपरोनी’. काकूंच्या सुनेने फोन धरला आणि स्क्रीनवर आलं, ‘मसालेदार सॉसेज’. काकूंनी पाकीट हळूच जागेवर ठेवलं, बाहेर येऊन बाटलीच्या पाण्याने हात धुतले आणि बाकावर जाऊन बसल्या.

मी पाकीट उलटून पाहिलं. स्वित्झर्लंडमध्ये वेष्टनावरचा मजकूर जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत बहुतेकदा असतो, ही मोठी सोय आहे. फ्रेंचमध्ये ‘प्वाव्रों’ लिहिलं होतं. म्हणजे ढोबळी मिरची. त्या लाल पट्ट्या ढोबळ्या मिरचीच्याच होत्या. मी काकूंना सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पण एकदा मनात शंका आली की घास उतरत नाही. “राहू दे गं ताई, माझ्याकडे चिवडा आहे,” म्हणाल्या. ती दुपार मला अजून टोचते.

हा घोळ नीट समजून घेण्यासारखा आहे. इटलीत पेपरोनी म्हणजे ढोबळी मिरची. जर्मन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्येही तेच. पण तिथून बस काढून म्युनिकला गेलात तर तोच शब्द लांबट, तिखट मिरचीसाठी वापरतात, बहुतेकदा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या (आमच्या कोल्हापूरच्या काकांनी त्या आवडीने मागून मागून खाल्ल्या), आणि ढोबळीला तिथे ‘पाप्रिका’ म्हणतात. इंग्रजीत पाप्रिका म्हणजे लाल पूड! सॉसेजवाला अर्थ अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या इटालियन लोकांकडून आला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि पिझ्झाबरोबर आपल्याकडेही तोच पोचला. एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मधला ‘पी’ एकटा असेल तर मिरची, जोडीने दोन असतील तर सॉसेज. टुरिस्टांच्या गर्दीच्या ठिकाणी या खुणेवर विसंबू नका, तिथे विचारूनच घ्या.

आणि गंमत म्हणजे या सगळ्या नात्यागोत्याचं मूळ आपल्याकडचं आहे. संस्कृत पिप्पली, म्हणजे आपली पिंपळी, ग्रीकमध्ये ‘पेपेरी’ झाली, लॅटिनमध्ये ‘पिपेर’, आणि पुढे इंग्रजीतला ‘पेपर’ म्हणजे मिरी, पेपरोनी, पाप्रिका, अगदी ते ‘प्वाव्रों’सुद्धा त्यातूनच निघालं. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या घरी सुंठीच्या डब्याशेजारी पिंपळी असतेच.

अ‍ॅप चुकलं ते कुठे? त्याला भाषा ‘आपोआप ओळख’ असं सांगितलेलं होतं. एका सुट्या शब्दावरून ते भाषा ओळखणार तरी कशी? हे तपासायला मी त्याच रात्री हॉटेलवर दुसरा शब्द देऊन पाहिला. प्राग आणि क्राकोच्या टूरमुळे माहीत झालेला. चेक भाषेत ‘चेर्स्तवी’ म्हणजे ताजा. पोलिशमध्ये जवळपास तसाच ऐकू येणारा ‘चेर्स्तफी’ म्हणजे शिळा, आणि दोन्ही शब्द पावाला लावतात. अ‍ॅपने दोन्ही बरोबर सांगितले, कारण चेकमध्ये पहिल्या अक्षरावर टोपी असते आणि पोलिश तोच उच्चार दोन अक्षरं जोडून लिहितात. लिखाण वेगळं असेल तिथे अ‍ॅप पास होतं. अक्षरं जशीच्या तशी असली की ते अंदाज बांधतं आणि अंदाज आहे हे सांगत नाही. माझी खरी तक्रार या न सांगण्याबद्दल आहे. आपल्याला हे नवीन नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आली की छडी होते, आणि तिकडचा राजीनामा म्हणजे समेट. पण आपण समोरचा माणूस कोण आहे ते बघून अर्थ लावतो. फोनला तर मी कुठल्या देशात उभी आहे हे लोकेशनवरून माहीत असतं, तरी या कामासाठी ते त्याचा उपयोग करत नाही.

मग मी भाषा हाताने निवडायला लागले. रोमपर्यंत उत्तम चाललं. फ्लॉरेन्सला नळावर नुसतं ‘सी’ अक्षर होतं, एका आजोबांनी ‘कोल्ड’ समजून सोडला आणि हातावर कढत पाणी आलं. इटलीत ‘सी’ म्हणजे ‘काल्दो’, गरम. फ्रान्समध्ये ‘शो’ आणि स्पेनमध्ये ‘कालिएन्ते’, म्हणजे तिथेही ‘सी’ गरमच. जर्मन ‘काल्ट’ कानाला काल्दोचा भाऊ वाटतो, पण तो थंड. एका अक्षरापुढे अ‍ॅपने काय करावं! आता हॉटेलात शिरताना हे मी बसमध्येच माइकवर सांगते.

माद्रिदला चूक माझी झाली. सेटिंग इटालियनवरच राहिलं होतं. मेनूतल्या ‘काल्दो’ला अ‍ॅपने ‘गरम’ म्हटलं आणि तिघींनी सूप असेल म्हणून मागवलं. स्पॅनिशमध्ये काल्दो म्हणजे रस्सा, बहुतेकदा मांस आणि हाडं उकळून काढलेला. वाट्या टेबलावर आल्या, सोनेरी, नितळ पाणी, वर तेलाचे बारीक डोळे. काकूंनी चमचा उचलला होता. वास आला म्हणून मी हात धरला. वेटरला विचारलं, तो म्हणाला कोंबडी. दोन्ही देशांत शब्द एकाच लॅटिन मुळाचा, गरम या अर्थाचा. एकीकडे तो तापलेल्या पाण्यापाशी थांबला, दुसरीकडे पातेल्यात उतरला.

बाकी बारीकसारीक. इटलीतल्या बसवर ‘सालिता’ म्हणजे चढायचं दार आणि स्पेनच्या मेट्रोत ‘सालिदा’ म्हणजे बाहेर पडायचा रस्ता. अ‍ॅपने दोन्ही बरोबर वाचले. इटलीत ‘लात्ते’ मागितली की नुसतं दूध येतं, हे सांगायला अ‍ॅप लागत नाही.

घेणार असाल तर एवढं करा. ‘आपोआप ओळख’ बंद ठेवा, सीमा ओलांडली की भाषा बदला, आणि एका शब्दावर कॅमेरा न धरता खालची साहित्याची पूर्ण ओळ टिपा. खाण्याचा प्रश्न असेल तर फोनवर थांबू नका. मी आता स्थानिक गाइडकडून प्रत्येक भाषेत एक कार्ड लिहून घेतलंय: मांस, मासे आणि मांसाचा रस्सा चालत नाही. स्पॅनिश कार्ड काकूंनी पोथीत घालून ठेवलं आणि शेवटच्या तीन दिवसांत स्वतःच काढून वेटरपुढे धरलं.

पाचपैकी तीन तारे. वर्गणी पुढच्या मेमध्ये संपते. तोवर अशा शब्दाखाली ‘या शब्दाचे देशागणिक वेगळे अर्थ आहेत’ एवढी एक ओळ दिसायला लागली, तर मी परत पैसे भरेन.