एकच रविवार मोकळा असेल तर: पडद्यावर ऑपेरा की बॅले?

नाट्यगृहात पडद्यावर काय दाखवणार याच्या महिन्याभराच्या कार्यक्रमपत्रिकेत सिनेमे असतील तर त्यांची तिकिटं आधी काढून टाका. ते पडद्यासाठीच बनलेले असतात, तिथे तुलनेचा प्रश्नच नाही. पंचाईत होते उरलेल्या एका रविवारची. ऑपेरा आणि बॅले दोन्ही रंगमंचासाठी रचलेले, आणि आपल्यापर्यंत दोन्ही कॅमेऱ्यातून गाळून येतात. गाळताना कोणाचं किती सांडतं, ते पाहायचं.

ऑपेराचं सांडतंच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत आणि गायक माइकशिवाय गातात. रेकॉर्डिंगसाठी मात्र माइक लागतात, त्यामुळे पातळ आवाज आणि भरदार आवाज पडद्यावर जवळजवळ एकाच मापाचे होतात. मोठ्या आवाजाच्या गायकावर हा अन्यायच. पण बदल्यात गाणाऱ्याचा चेहरा मिळतो, श्वास कुठे घेतला ते दिसतं, आणि शब्द कळतात. संगीत नाटक पाहिलेल्याला इथे फार शिकावं लागत नाही: पद सुरू झालं की कथा थांबणार. तीच ओळ चार वेळा आली की सबटायटल गप्प बसतं. तो बिघाड समजू नये. दहा मिनिटं कथानक वाचून गेलात तरी पुरे.

बॅलेत सांडतात ते पाय. माझा कौल ऑपेराकडे फिरला तो इथेच.

'स्वान लेक'मधल्या चार छोट्या हंसिणींचा नाच घ्या. चौघी हात एकमेकींत गुंफून एका रांगेत. गंमत सगळी आठ पावलं एकाच क्षणी पडण्यात. नेमका तेव्हा कॅमेरा एकीच्या गालावर जातो. तिसऱ्या अंकात ओडिल या काळ्या हंसिणीच्या ३२ गिरक्या (फुएते) असतात. ती एका पायावर फिरताना जागेवरून किती सरकते, हेच तर बघायचं. आणि चौकट कमरेवर! कथकच्या तत्कारात कॅमेरा चुकला तरी घुंगरू ऐकू येतात, लय हातातून सुटत नाही. बॅलेच्या पायात घुंगरू नाहीत. पाय चौकटीबाहेर गेले की उरते ती डोलणारी धडं. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अ‍ॅस्टेअर नाच चित्रित करताना अख्खं शरीर चौकटीत हवं म्हणून अडून बसायचा, ते उगाच नव्हे.

सगळीच चित्रणं अशी नसतात, हे मान्य. 'जिझेल' या बॅलेच्या पहिल्या अंकाचा शेवट, नायिकेला वेड लागतं तो, जवळून पाहण्यात जास्त परिणाम करतो. 'ला बायादेर'मध्ये उतारावरून एकामागून एक उतरणाऱ्या सावल्या (म्हणजे नर्तकींची लांब रांग) नीट लांबून टिपल्या असतील तर घरच्या टीव्हीपेक्षा मोठा पडदा केव्हाही बरा. म्हणून तिकिटाआधी त्याच प्रयोगाची एखादी अखंड क्लिप बघा. ट्रेलरवर जाऊ नका, तो तुकड्यांचाच असतो. गिरक्या एका शॉटमध्ये, जमिनीसकट दिसल्या तर खुशाल जा.

खुर्चीचा हिशेबही वेगळा. बॅलेला मागच्या रांगा घ्या, पूर्ण चौकट एका नजरेत बसते. ऑपेराला सबटायटल पडद्याच्या तळाशी, म्हणून बैठकीला उतार कमी असेल तर पुढच्याचं डोकं अर्धी ओळ खातं. मार्गिकेलगतची खुर्ची बरी. मेट्रोपॉलिटनच्या चित्रणात मध्यंतरातही पडद्यामागच्या मुलाखती, नेपथ्य बदलणारे कामगार दिसतात. चहासाठी लगेच उठू नये.

पहिल्यांदाच जात असाल तर 'ला बोहेम' हा ऑपेरा बघा: अंक चार, पण संगीत दोन तासांच्या आत. वॅग्नरचे लांबलचक ऑपेरे नंतर कधीतरी, मधल्या वेळेचा डबा घेऊन. मेट्रोपॉलिटनचे प्रयोग आपल्याकडे मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात पडद्यावर दाखवतात. मध्य आणि हार्बरवाल्यांनी तेवढा रविवारचा मेगाब्लॉक पाहून निघावं.