उभ्या गाडीत पुराचं पाणी: झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल्सचा क्लेमनंतरचा अनुभव

गाडी चार वर्षं ओलांडलेली, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. जुलै २०२४ मध्ये पुण्यात मुठेचं पाणी सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हाचा क्लेम. गाडी पार्किंगमध्ये बंद होती, पाणी सीटच्या बैठकीच्या वर पण डॅशबोर्डच्या खाली. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट), वर जादा हप्ता भरून घेतलेले तीन अ‍ॅड-ऑन. कंपनीचं नाव लिहीत नाही. मूळ पॉलिसीची भाषा सगळीकडे जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) कोण येतो आणि वर्कशॉप किती चोख कागद करतं याने. नुसती थर्ड पार्टी असलेल्यांनी पुढे वाचून उपयोग नाही, पुराचं नुकसान त्यात येतच नाही.

पॉलिसी घेताना तिन्ही अ‍ॅड-ऑनची क्रमवारी अशी होती: इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन गेलं तर) सगळ्यात महत्त्वाचं, मग झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता क्लेम), आणि कन्झ्युमेबल्स (तेल, क्लिपांसारखा खपणारा माल) म्हणजे एजंटने चिकटवलेले किरकोळ रुपये. आता उन्हाळा आलाय आणि क्रमवारी उलटी झालीय.

इंजिन प्रोटेक्टचं आधी. हे कव्हर ज्यासाठी असतं तो हायड्रोलॉक चालत्या इंजिनात होतो. एअर फिल्टरमधून हवेऐवजी पाणी ओढलं जातं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ पॉलिसी याला ‘परिणामी नुकसान’ म्हणते आणि हात वर करते. बंद उभ्या गाडीत पिस्टन हलतच नाही. पाणी इनटेकमधून, एक्झॉस्टमधून, डिपस्टिकच्या नळीतून संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, पण काही वाकत नाही. हे पुराचं थेट नुकसान झालं आणि ते मूळ पॉलिसीतच बसतं. अट एकच: कोणी स्टार्ट मारून बघितलेलं नसावं. पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की बिघाडानंतर योग्य काळजी न घेता गाडी सोडून दिली किंवा दुरुस्तीआधी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या डोक्यावर. एअर फिल्टरच्या डब्यात पाण्याची रेघ आणि आत वाकलेला रॉड दिसला की सर्व्हेअरला दुसरा पुरावा लागत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या इंजिन प्रोटेक्टमध्येही पाणी शिरल्यावर पुन्हा पुन्हा क्रँक केल्याचं नुकसान वगळलेलं असतं, म्हणजे हे कव्हर असलं तरी किल्लीला हात लावायचा नाहीच.

पाणी ओसरल्यावर करायची कामं थोडी आहेत पण क्रमाने करायला हवीत. बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा नंबरचा पाना पुरतो. त्याआधी ‘काच तेवढी खाली होते का बघू’ म्हणून इग्निशनही ऑन करायचं नाही. ओल्या कनेक्टरमध्ये करंट गेला की कंट्रोल युनिट उडतं. चिखलाची रेघ धुवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ: चारही बाजू, नंबर प्लेट, चॅसिस नंबर, सीटवरची पाण्याची खूण, फिल्टरचा डबा. डिजिटल मीटर बंद असल्याने किलोमीटर दाखवता येत नाहीत, तिथे शेवटच्या सर्व्हिसचं बिल चालतं. फोटो झाले की दारं उघडी ठेवा, मॅट बाहेर काढा. हॅण्डब्रेक सोडा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. उचलायची ती फ्लॅटबेडवरच. मूळ पॉलिसी टोइंगचे १५०० रुपयांपर्यंतच देते. पुराच्या आठवड्यात तेवढ्यात कोणी येत नाही, म्हणून रोडसाइड असिस्टन्स असेल तर तिथूनच गाडी मागवा. पोलिसांचा कागद अशा क्लेमला सहसा लागत नाही.

आता तेलाकडे येतो, कारण खरा जीव तिथे अडकलाय.

संपमध्ये पाणी गेलं की तेल दुधाळ होतं. ते काढून नवं ओतलं की संपलं असं होत नाही. ऑइल गॅलरीत, हेडमध्ये, फिल्टरमध्ये पाणी राहतं. आधी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, मग तेल भरून थोडा वेळ चालवून सोडून द्यायचं, आणि निघालेलं तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करायचं. साडेतीन लिटरच्या आसपास मावणाऱ्या इंजिनात दोन फ्लश आणि शेवटचं भरणं धरलं तर दहा लिटरच्या वर तेल जातं, प्रत्येक वेळी फिल्टर वेगळा. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ब्रीदर असतो, पाणी त्यातून आत जातं. तिथलं साधारण दोन लिटर तेलही एकदा फ्लश करून पुन्हा भरावं लागतं. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, ते पूर्ण बदलायचं. कूलंट, एसीचा गॅस, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ग्रीस. शिवाय क्लिप! दाराचे ट्रिम, सिलचे प्लास्टिक, कार्पेट काढताना जुन्या क्लिपा अर्ध्या तरी तुटतात, आणि दाराच्या आतल्या प्लास्टिक शीटची काळी चिकट दोरी एकदा उकलली की परत नीट बसत नाही. हे सगळं पॉलिसीच्या भाषेत ‘कन्झ्युमेबल्स’, आणि झिरो डेप यातला एक रुपयाही देत नाही. झिरो डेप म्हणजे सगळं बिल कंपनी भरते असा समज शोरूमचे लोक मुद्दाम तसाच राहू देतात.

त्यात वर्कशॉपची खोड. फ्लश करायचं तेल दहा-पंधरा मिनिटांत फेकून द्यायचं असतं, त्याला योग्य ग्रेडचं साधं मिनरल तेल पुरतं. बिलात मात्र तिन्ही वेळा महागडं सिंथेटिक. फ्लशला सिंथेटिक म्हणजे साजूक तुपाने फरशी पुसणं! कॅशलेस (कंपनी वर्कशॉपला परस्पर पैसे देते) असल्याने ग्राहक बिल बघत नाही, सर्व्हेअर मात्र बघतो: तीनपैकी एकच भरणं मंजूर करतो, आणि उरलेलं वर्कशॉप ग्राहकाच्या हिशेबात ढकलतं. यावर उपाय आहे. प्रत्येक वेळी निघालेल्या तेलाचा फोटो जॉब कार्डच्या (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्राच्या) नंबरसकट काढायला लावा, फ्लशची नोंद जॉब कार्डवर वेगळ्या ओळीत करून घ्या आणि फ्लशसाठी मिनरल तेल असं आधीच लिहून द्या. एवढं केल्यावर कन्झ्युमेबल्सच्या कव्हरमध्ये तिन्ही भरणं मंजूर होतात. टाकीतलं पाणी मिसळलेलं पेट्रोल मात्र कुठेच बसत नाही, ते खिशातूनच.

काही हजारांचं बिल आणि त्यासाठी वर्षाला भरलेले काही शे रुपये, हा हिशेब पटला म्हणून कन्झ्युमेबल्सला पाचपैकी पाच. एवढं कौतुक या कव्हरला शोभत नाही हे मान्य, तरी गुण तेवढेच.

झिरो डेपचं गणित सरळ आहे, पण त्याला एक वळण आहे. ते नसेल तर कपात अशी: रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग ५० टक्के, फायबरग्लास ३० टक्के, काचेला काही नाही, धातूच्या भागांना वयानुसार, दोन ते तीन वर्षांना १५, तीन ते चारला २५, चार ते पाचला ३५, पाच ते दहाला ४० टक्के. पुराच्या गाडीत पत्रा वाचतो आणि प्लास्टिक, वायरिंग, ट्रिम जातं, म्हणजे सगळ्यात जड कपातीचाच माल. म्हणून झिरो डेप हवंच, हे आधीचं मत.

वळण टोटल लॉसचं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, म्हणजे दुरुस्ती नाही, आयडीव्हीचे पैसे. हा खर्च वर्कशॉपच्या एस्टिमेटचा नाही, पॉलिसीच्या अटी लावून सर्व्हेअर मंजूर करतो तो. समजा आयडीव्ही ४ लाख, रेषा ३ लाखांवर, एस्टिमेट ३ लाख ४० हजार. झिरो डेप नसेल तर घसारा वजा होऊन मंजुरी सव्वादोन लाखांच्या आसपास येऊ शकते: गाडी दुरुस्तीला जाते आणि लाखाच्या वर खिशातून. झिरो डेप असेल तर मंजुरी सव्वातीन लाख, म्हणजे रेषेच्या वर, आणि गाडी हातातून जाते. गाडी ठेवायची असेल तर सीट, इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, वायरिंग हार्नेस यांत बदली की दुरुस्ती हे सुटे भाग उघडताना समोर उभं राहून ठरवावं लागतं. सोडायची असेल तर वर्कशॉपचं फुगलेलं एस्टिमेट आपल्याच कामाचं. दोन्ही बाजूंनी ओढून चालत नाही. गाडी उघडायच्या आधी काय हवं ते ठरवा. इथे दुरुस्तीकडे गेलं, रेषेच्या थोडंसं खाली.

टोटल लॉस होणाऱ्यांसाठी थोडक्यात. आयडीव्हीतून सक्तीची कपात वजा होते (१५०० सीसीपर्यंत १००० रुपये, वर २०००), कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला, द्यायच्या त्या दोन्ही किल्ल्या आणि मालकी बदलाचे फॉर्म २८, २९, ३०, कर्जाचा बोजा उतरवायचा बँकेचा ३५. भंगार विकत घेणाऱ्याने आरसी स्वतःच्या नावावर केल्याचा कागद हातात येईपर्यंत पाठ सोडू नका. नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. उद्या तीच गाडी कोणी जुजबी दुरुस्त करून रस्त्यावर आणली तर अपघाताची नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.

सर्व्हेअरच्या वेळेबद्दल: विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल, त्यानंतर ७ दिवसांत निर्णय. पुराच्या आठवड्यात एकाच सर्व्हेअरकडे सगळी वर्कशॉपं असतात, त्यामुळे ‘नेमला’ आणि ‘आला’ यांत अंतर पडतं. तोवर गाडी वर्कशॉपच्या आवारात ओली बसून राहते. सर्व्हेअरला ईमेल करून फक्त सीट आणि कार्पेट काढायची परवानगी मागा, ती पटकन मिळते. कार्पेटखालचा फोम स्पंजसारखा पाणी धरतो. वरून कोरडा लागतो, खालून महिनाभर ओला. वर्कशॉप तो ड्रायक्लीन करून परत बसवायला बघतं. बदली मागा, आणि वास राहील म्हणून नाही तर खालचा पत्रा गंजेल आणि हार्नेस ओला राहील म्हणून मागा. सर्व्हेअरला वासाचं काही पडलेलं नसतं.

डिलिव्हरीच्या दिवशी या अनुभवाला पाचपैकी चार गुण दिले असते. कॅशलेस, इंजिन शांत, एसी गार. दिवाळीनंतर मत बदललं. आधी एअरबॅगचा दिवा लागला, मग डाव्या मागच्या काचेची मोटर अडखळायला लागली, मग ब्लोअर कुरकुरला. कारण ठरलेलं आहे. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असतं, म्हणजे गाडीच्या आत पाणी घोट्याएवढं आलं तरी ते भिजतं. कनेक्टरच्या पिना धुऊन वाळवल्या तरी आतल्या तांब्यावर हिरवा गंज चढत राहतो आणि तो महिन्यांनी बोलतो. आणि तेव्हा कंपनी म्हणते, क्लेम बंद झाला, हा ‘इलेक्ट्रिकल बिघाड’, तो पॉलिसीत वगळलेला आहे.

एअरबॅग युनिटचा खर्च शेवटी मिळाला, तोही एकाच कागदामुळे: डिलिव्हरीच्या वेळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने लिहून दिलेली यादी, कोणते कनेक्टर बुडाले होते, कोणते बदलले, कोणते फक्त साफ केले. युनिट ‘साफ केले’ या रकान्यात होतं, म्हणजे बुडालं होतं हे वर्कशॉपच्याच सहीने सिद्ध. काचेची मोटर त्या यादीत नव्हती, तिचे पैसे गेले. ही यादी हातात येईपर्यंत समाधानपत्रावर (काम पटल्याच्या कागदावर) सही करू नका. जमिनीपासून सीटच्या बैठकीपर्यंतचा प्रत्येक कनेक्टर त्यात हवा, सीट बेल्टच्या प्रीटेन्शनरचेसुद्धा. कॅशलेसचे गुण आता अडीच.

नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा त्याची हेल्पलाइन १५५२५५. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाखांची. नकारापासून वर्षाच्या आत जायचं. कंपनीला लिहिलेल्या पत्रात लोकपालाचा नुसता उल्लेख आला तरी फाईल हलते, असा इथला अनुभव.

नूतनीकरणाला एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला, त्याचा फटका तेलाच्या बिलापेक्षा मोठा आहे. हप्ता कमी करायला एखादं अ‍ॅड-ऑन काढायचंच असेल तर, गाडी तुंबलेल्या रस्त्यातून न्यायची वेळ येत नसलेल्यांनी इंजिन प्रोटेक्ट काढावं. रोज अंडरपासमधून जाणाऱ्यांनी ते ठेवावं. पाच वर्षांनंतर झिरो डेप बऱ्याच कंपन्या देत नाहीत, काही सातपर्यंत देतात, तेवढी विचारपूस केली. कन्झ्युमेबल्सही काही ठिकाणी झिरो डेपबरोबरच मिळतं, सुटं मिळत नाही, म्हणून या वेळी कंपनी बदलली ती फक्त त्या एका ओळीसाठी.