सूर्यफुलाचं तेल की शेंगदाण्याचं? आयात शुल्क वाढल्यानंतरचा माझा हिशेब

14 सप्टेंबर 2024 ला, ऐन गणपतीत, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं शुल्क उपकर धरून 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेलं. तोवर परळच्या आमच्या घरात फोडणीपासून तळणीपर्यंत सूर्यफूलच होतं. आता शेंगदाण्याचा पाच लिटरचा डबा येतो. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सूर्यफूल हलकं. त्याला वास नाही, त्यामुळे चकली चकलीसारखीच लागते. शुल्क वाढायच्या आधी ते शेंगदाण्यापेक्षा लिटरमागे सत्तर रुपयांनी स्वस्त पडायचं, आणि महिन्याला पाच लिटर लागणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. शेंगदाण्याचा वास मात्र घरभर फिरतो. आईला तो हवा असतो, मुलांना सवय व्हायला वेळ लागला. फरक असा की सूर्यफूल रशिया, युक्रेन, अर्जेंटिनातून येतं. तिकडे युद्ध झालं, इकडे रुपया घसरला किंवा दिल्लीत अधिसूचना निघाली, की आमच्या वाण्याकडे भाव हलतो. शेंगदाणा सौराष्ट्रातला. महाग होता, पण त्या वर्षभरात फारसा हलला नाही. सत्तरचं अंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पस्तिसावर आलं.

शुल्काने महागाई वाढते का, यावर माझे मेव्हणे (ते बँकेत आहेत) म्हणतात, एकदा भाव चढतो आणि तिथेच थांबतो, त्याला महागाई म्हणू नये. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. जुलै 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर दीड टक्क्याच्या आसपास होता, आणि त्याच महिन्यात तेल-तुपाचा गट वर्षभरात सुमारे 19 टक्क्यांनी महागलेला होता. महागाई ज्यावरून मोजतात त्या 2012 पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात या गटाचा भार, म्हणजे वाटा, फक्त 3.56 टक्के, म्हणून एकूण आकडा ढळला नाही. शिवाय जगभरात पामतेलही चढलेलं होतं, सगळं खापर शुल्कावर फोडणं बरं नाही. तरी स्वयंपाकघरात त्या 3.56 टक्क्यांशिवाय पान हलत नाही.

माझं मत फिरलं ते एका पिशवीमुळे. शुल्क वाढलं तेव्हा जुन्या शुल्काने आलेला सुमारे 30 लाख टन माल देशात पडून होता, दीड महिना पुरेल एवढा. तो संपेपर्यंत भाव वाढवू नका, असं सरकारने कंपन्यांना सांगितलंही. आमच्याकडे आठवड्याभरात 118 ची पिशवी 130 ला गेली, महिनाभरात 140 ला. इथवर मी समजून घेतलं. मग एके दिवशी नवी पिशवी आमच्या स्टीलच्या किटलीत ओतली तर तेल नेहमीच्या खुणेच्या बोटभर खालीच राहिलं. सांडलं असेल म्हणून ओटा पुसून पाहिला, कोरडा होता. पिशवी उलटून बारीक अक्षरं वाचली: 850 ग्रॅम. आधी लिटरची पिशवी असायची, म्हणजे 910 ग्रॅम. छापलेलं होतं, फसवणूक म्हणता येणार नाही, पण 140 ला दिसणारं तेल जुन्या मापाने 150 ला पडत होतं. मला ते फार लागलं.

मे 2025 च्या शेवटी कच्च्या तेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आलं. वाण्याकडचा भाव महिनाभर जागचा हलला नाही, पिशवीही 850 चीच राहिली. वाढ लगेच पोचते आणि कपात वाटेत अडकते, हा माझा अनुभव. तुमच्या भागात कदाचित वेगळा असेल.

लातूरकडच्या मामांना या शुल्काची आशा होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, त्यांना मिळाले चार हजार दोनशे. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले असते तर मी ते वीस रुपये आनंदाने दिले असते, हे मनापासून सांगतो.

घरात तळण फार असेल आणि खर्च काटेकोर असेल, तर सूर्यफूल अजूनही वाईट नाही. आम्हीही दिवाळीत चकलीपुरत्या दोन पिशव्या आणतो. भाव मात्र ग्रॅमवर काढा, पिशवीवर नको. रोजच्या भाजीसाठी डबाच उघडतो, त्यात तेल अजून खुणेपर्यंत येतं.