पट्ट्यावरची ब्राउनिंग: इलिनॉयमध्ये की इंडियानात?

शिकागोकडच्या दोघा-तिघांनी वर्षभरात हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. काडतुसांच्या पट्ट्यावर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक (दर गोळीला चाप वेगळा ओढावा लागतो), म्हणजे ब्राउनिंग १९१९ किंवा एम२४९एससारखी, बाळगायची हौस आहे. तर घर इलिनॉयमध्ये घ्यावं की सीमा ओलांडून इंडियानात? (बायकोला शाळा आणि प्रॉपर्टी टॅक्स अशी कारणं द्या. मीही तीच दिली.)

अजून एच-१बीवर असाल तर थांबा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायदा तुम्हाला कुठलीच बंदूक जवळ ठेवू देत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर पुढचं वाचा.

फेडरल बाजू सरळ आहे. मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला मिळत नाही. १९१९ मूळची मशीनगनच, पण तिच्या सांगाड्याची उजवी प्लेट नव्याने बनवून, चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटेल अशी बांधली, तर ती मशीनगन ठरत नाही. काडतुसं पट्ट्यातून येतात की मॅगझिनमधून, याच्याशी वॉशिंग्टनला देणंघेणं नाही. राज्यांना आहे.

शिकागोजवळच्या हायलंड पार्कच्या ४ जुलैच्या मिरवणुकीत गोळीबार झाला २०२२ साली. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये इलिनॉयने कायदा केला आणि त्यात पट्ट्यावर चालणाऱ्या सगळ्या सेमी-ऑटो बंदीच्या यादीत गेल्या. आधीपासून होत्या त्यांनी १ जानेवारी २०२४ पर्यंत राज्य पोलिसांकडे प्रतिज्ञापत्र भरायचं होतं. भरलं त्यांनी ठेवावी, पण न्यायची कुठे? आपलं घर, परवानगी असलेली दुसऱ्याची खासगी जागा, नेमबाजीची रेंज, दुरुस्तीचं दुकान, संपलं. द्यायची झाली तर वारसाला, डीलरला किंवा परराज्यातल्या माणसाला. कायद्यावर खटले झालेत, पण खटल्याच्या भरवशावर कुणी घर घेऊ नये. ‘इंडियानातून विकत घेतो’ हाही मार्ग नाही, तिथला दुकानदार तुमच्या राज्याचा कायदा बघूनच विकतो.

इंडियानाचं लवकर आटोपतं. अशी बंदी नाही, मॅगझिनवर मर्यादा नाही, इलिनॉयच्या एफओआयडीसारखं (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र) कार्ड नाही, आणि गावांना स्वतःचे वेगळे नियम करायला राज्याची मनाई आहे. म्हणून मोकाट रान समजू नका. धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडची बंदूक काढून घेण्याचा कायदा इथे २००५ पासून आहे. इलिनॉयमध्ये तो आला २०१९ मध्ये.

आता माझं स्वतःचं. माझं लहानपण वरणगावचं, म्हणजे काडतुसांच्या कारखान्याच्या गावातलं. त्यामुळे मला बंदुकीपेक्षा पट्ट्याचंच वेड जास्त. इलिनॉयमध्ये भाड्याने राहत असताना एका गनशोमध्ये १९१९चा जुना कापडी पट्टा घेतला होता. २५० कप्पे, टोकाला धातूची पट्टी, नाकाजवळ नेला की जुन्या तंबूसारखा वास. बंदूक घ्यायची तेव्हा घेऊ म्हणून नुसता भिंतीवर लावला. मग कायदा आला, आणि त्यात लांब बंदुकीचा दहाहून जास्त काडतुसांचा पट्टा ही स्वतंत्र वस्तू निघाली. बंदूक असो वा नसो! जुना आहे म्हणून घरी ठेवता येत होता. पण ऑफिसातल्या एका मित्राने ‘उद्या आण की बघायला’ म्हटलं, आणि मी रात्री बसून कलमं वाचत राहिलो. पट्टा न्यायच्या जागांच्या यादीत ऑफिस नव्हतं. चुकलो असतो तर १,००० डॉलर दंड. रकमेचं मला फारसं नाही. सुतळीसारख्या कापडासाठी वकिली करत बसावं लागलं, त्याने माझं मन उडालं.

दुसऱ्याला हे एवढं खटकेलच असं नाही. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, मुलांच्या मराठी शाळेतल्या ओळखी, सगळं इलिनॉयच्या बाजूला. वर्षातून दोनदा रेंजवर जाणाऱ्याने घर हलवू नये. मी इंडियानात हलवलं. पुढच्या उन्हाळ्यात १९१९ही घेतली आणि आता पट्टा भरताना कप्पे मोजत नाही. काडतूस जरा मागे राहिलं तर अडकतं, लक्ष फक्त तेवढ्यावर असतं.

सीमेलगत राहण्याचा त्रास मात्र इथेही आहे. गेल्या दिवाळीत सामानासाठी शिकागोतल्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, निघालो होतो. सीमेवरच्या हॅमंड गावाच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर डिकी उघडली तर आदल्या दिवशी रेंजवरून आणलेला रिकामा पट्टा तसाच वेटोळं करून पडलेला. समोर स्टेट लाइन रोड, पलीकडे इलिनॉय. गाडी वळवली, पट्टा घरी ठेवला आणि पुन्हा निघालो. चिवड्याचे पातळ पोहे तोवर संपले होते.